वायर न कापता १२ व्होल्टच्या वायरिंगमधला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर : जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातील शेतावर वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या भागात केळीच्या बागेत वायरला जोड देणे म्हणजे पुढच्या बिघाडाची जागा ठरवून ठेवणे होय. ठिबकचा ओलावा, विद्राव्य खते आणि काळ्या मातीचा चिखल यांमुळे टेपखालचे तांबे काही महिन्यांतच हिरवे पडते. करंट मोजायचा तर साधा मल्टिमीटर वायर तोडून मध्ये जोडावा लागतो आणि मोजणी संपली की तिथे कायमचा एक जोड उरतो. ट्रॅक्टर, सोलरचे दिवे आणि फवारणी पंप यांच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये असे बरेच जोड देऊन झाल्यावर, मागच्या उन्हाळ्यापूर्वी मी युनि-टी कंपनीचा यूटी २१० ई हा छोटा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, घेतला.

वायरमनकडे असणारा नेहमीचा टाँग टेस्टर या कामाला का चालत नाही, हे आधी सांगणे आवश्यक आहे. त्याच्या चिमट्यात ट्रान्सफॉर्मरसारखी कॉइल असते आणि चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असेल तरच तिच्यात वीज निर्माण होते. बॅटरीचा करंट (डीसी) एका दिशेने स्थिर वाहतो, त्यामुळे तिथे तो टेस्टर शून्यच दाखवतो. या मीटरच्या चिमट्यात हॉल सेन्सर आहे. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो आणि स्थिर चुंबकीय क्षेत्रही ओळखतो. मीटरला २, २० आणि १०० अँपिअर अशा तीन रेंज आहेत. सर्वांत लहान रेंजवर तो १ मिलिअँपिअरपर्यंतचा फरक दाखवतो आणि हा मीटर घेण्याचे माझ्या दृष्टीने तेच मुख्य कारण आहे. चिमटा १७ मिलिमीटर उघडतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीची जाड केबलही त्यात बसते.

पहिला खरा उपयोग ट्रॅक्टरवरच झाला. चार-पाच दिवस उभा राहिला की तो सेल्फ घेत नसे आणि बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळाला होता. चावी काढून, बॅटरीची केबल न सोडता, निगेटिव्ह केबलवर चिमटा लावला, तेव्हा ०.३१ अँपिअर, म्हणजे ३१० मिलिअँपिअर दिसले. बंद ट्रॅक्टरला वीस-पन्नास मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट लागू नये. या हिशेबाने मात्र दिवसाला सुमारे साडेसात अँपिअर-तास जात होते, म्हणजे पाच दिवसांत ७५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी. पुढचा शोध फ्यूज न काढताच लागला. पात्याच्या (ब्लेड) फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन लहान बिंदू उघडे असतात. मिलिव्होल्ट नीट दाखवणाऱ्या मल्टिमीटरची टोके दोन्ही बिंदूंवर ठेवली की ज्या फ्यूजमधून करंट वाहत असेल त्याच्यावर थोडे व्होल्टेज दिसते. फक्त एकाच फ्यूजवर, म्हणजे गाणी ऐकण्याच्या टेपच्या फ्यूजवर, दोन मिलिव्होल्टच्या आसपास आकडा आला. बॅटरी तीच आहे आणि आजही ती चालू आहे.

व्होल्टेजच्या बाबतीत मात्र खरेदीदाराने गैरसमज ठेवू नये. चिमटा फक्त करंट मोजतो. मीटरवर स्पर्श न करता वीज ओळखण्याची सोय आहे, पण ती एसीसाठी, म्हणजे घरातल्या दिशा बदलणाऱ्या विजेसाठी आहे. बॅटरीच्या वायरजवळ ती काहीही सांगत नाही. डीसी व्होल्टेजसाठी दोन्ही प्रोब (मीटरच्या वायरींची टोके) धातूला टेकवावेच लागतात. त्यासाठी मी कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायरच्या कडेने, बारीक पिन आत सरकवतो. वायरच्या आवरणात टोचणारे प्रोबही मिळतात, परंतु त्या छिद्रातून पाणी शिरते, म्हणून शेतावर ते मी टाळतो.

दोन्ही मोजण्या एकत्र केल्या की निदान किती सोपे होते, हे विहिरीजवळच्या शेडमधील दिव्यांनी दाखवले. बॅटरीजवळ १२.५ व्होल्ट, दिव्यांजवळ ९.६ आणि करंट २ अँपिअर. प्रथम मला जोड खराब वाटला होता. पण वायर १ चौरस मिलिमीटरची, अंतर ४० मीटर, जाऊन-येऊन ८० मीटर. या जाडीच्या तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम असतो, म्हणजे येथे जवळपास दीड ओहम, आणि २ अँपिअरला बरोबर २.९ व्होल्टची घट. जोड निर्दोष होते, वायरच बारीक होती. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर घट पाऊण व्होल्टवर आली.

आता उणिवा. हॉल सेन्सर असलेल्या कोणत्याही मीटरप्रमाणे याचेही शून्य सरकते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र, जवळचा स्पीकर, उन्हात तापलेले बॉनेट, या सर्वांचा लहान रेंजवर परिणाम होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा तो स्पष्ट जाणवतो. म्हणून मीटर ज्या दिशेने धरून मोजायचे, त्याच दिशेने, वायरजवळच, चिमटा रिकामा मिटून झीरोचे बटण दाबावे आणि लगेच मोजावे. वायर बाहेर काढल्यावर आकडा पुन्हा शून्यावर येतो का, हेही पाहावे. करंट फारच कमी असेल आणि वायर लवचीक असेल, तर चिमट्यातून तिचे दहा वेढे घ्यावेत व आलेल्या आकड्याला दहाने भागावे. चिमट्यात नेहमी एकच वायर असावी. जाणारी आणि येणारी दोन्ही आल्या की त्यांची क्षेत्रे एकमेकांना खोडतात. सेल्फ मारतानाचा करंट १०० अँपिअरच्या पलीकडे जातो, त्यासाठी हा मीटर नाही, आणि विहिरीवरच्या थ्री-फेज स्टार्टरलाही मी तो लावत नाही.

किंमत साध्या टाँग टेस्टरपेक्षा बरीच जास्त आहे, तरीही डीसीचे काम वरचेवर करणाऱ्याने तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात फक्त ‘डीसी आहे का’ असे विचारू नये, कारण बहुतेक स्वस्त टाँग टेस्टर डीसी व्होल्टेज मोजतात, डीसी करंट नाही. सोबत १२ व्होल्टची लहान बॅटरी आणि एक बल्ब न्यावा, काउंटरवरच बल्ब पेटवून एका वायरवर चिमटा लावावा आणि मग चिमटा उलट फिरवून आकड्यापुढे वजाचे चिन्ह येते का ते पाहावे.