रोजनिशी मोकळी लिहावी की प्रश्न धरून?

आमच्या शाळेत दर वर्षी बी.एड.चे छात्राध्यापक सरावपाठांना येतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात त्यांना एकूण २० आठवडे शाळेत काढायचे असतात आणि त्या काळात चिंतनपर जर्नलही, म्हणजे वर्गातल्या अनुभवांवर विचार करणारी रोजनिशी, लिहायचं असतं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, बर्डीच्या बाजारातून वही आणू की मोबाईलवर लिहू?’ त्याचं उत्तर पुढे देते. पण आधी दुसरं काहीतरी ठरवायला हवं, असं मला वाटतं: मनात येईल ते लिहायचं की ठरावीक प्रश्नांची उत्तरं लिहायची?

मी दोन्ही केलं आहे. एकाच तासाच्या दोन नोंदी शेजारी ठेवते. सातवीत अपूर्णांकांची बेरीज शिकवली, त्या दिवशीची मोकळी नोंद अशी: ‘आज तास बिघडला. उकाडा फार, मुलं लक्षच देत नव्हती. मी चिडले. घरी येऊनही मन लागेना.’

हे लिहून हलकं वाटलं, आणि ती काही लहान गोष्ट नाही. नोकरीचं पहिलं वर्ष जड जातं, तेव्हा अशी वही सोबत करते. पण महिन्याभराने तीच नोंद वाचली तर पुढचा तास कसा घ्यावा, याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

आता प्रश्न धरून. काय झालं? बऱ्याच मुलांनी १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. त्यातून काय कळलं? अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्यांना खटकलंच नाही. मी थेट लसावि काढायला लावला होता. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या मापाचे आहेत हे दाखवलंच नव्हतं. आता काय करणार? उद्या कागदाच्या पट्ट्या घडी घालून आधी उत्तराचा अंदाज विचारायचा.

दुसऱ्या नोंदीत उकाड्याला जागाच उरली नाही. दोष माझ्या पाठाच्या टाचणात होता, आणि तो मला सापडला.

हे तीन प्रश्न अमेरिकन शिक्षक टेरी बॉर्टन यांनी १९७० मध्ये मांडले. नर्सिंगच्या मुलींना बहुधा ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८चं सहा पायऱ्यांचं चक्र शिकवतात: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती-आराखडा. त्यात भावनेला स्वतंत्र जागा आहे, म्हणून वॉर्डातला एखादा कठीण प्रसंग मांडायला ते चांगलं. रोज मात्र सहा पायऱ्या झेपत नाहीत. चौथ्या दिवसापासून रकाने भरण्यासाठी लिहिलं जातं. आठवड्यातला एकच प्रसंग त्यासाठी निवडा.

वेळ कुठून काढायचा? बंगळुरूच्या विप्रोत प्रशिक्षणार्थींवर झालेला, २०१४ साली मांडलेला एक अभ्यास मी इथे नेहमी सांगते. एका गटाने दिवसाची शेवटची १५ मिनिटं काम थांबवून, आज काय शिकलो ते लिहिलं. शेवटच्या चाचणीत त्यांचे गुण, तीच १५ मिनिटं काम करत राहिलेल्यांपेक्षा सुमारे २३ टक्के जास्त होते. हे दहाच दिवस चाललं होतं.

एमपीएससीच्या मुलांना मोकळ्या रोजनिशीचा उपयोग कमी. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात. त्यामुळे प्रत्येक चुकीपुढे कारण हवं: माहीत नव्हतं, घाईत वाचलं की अंदाज मारला? अंदाजाच्या खुणा वाढल्या तर आणखी एक पुस्तक वाचून ते सुटणार नाही.

आता वही की मोबाईल. मोबाईलवर जुनी नोंद चटकन शोधता येते आणि मेट्रोत उभ्याउभ्या लिहिता येतं. पण तेवढ्यात मेसेज येतो आणि विचार तुटतो. वहीत हात सावकाश चालतो, म्हणून मी वहीच निवडते. आवाजात नोंद करणं सगळ्यात सोपं, पण परत ऐकायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, म्हणून ती कुणी ऐकत नाही. माझी कसोटी एकच: रविवारी सकाळी आठवड्याच्या नोंदी दहा मिनिटांत वाचून होतील का? ज्या साधनात होतील, ते घ्या.

एक गोष्ट मला मनापासून सलते. जर्नलला गुण असले की मुलं ‘पाठ छान झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला’ एवढंच लिहितात. वर्गात रडवेली झालेली मुलगी जर्नलात मात्र समाधानी असते. दोष तिचा नाही. फसलेला तास लिहिला तर गुण जातील, ही तिची भीती खरी आहे. म्हणून दोन वह्या ठेवा. पहिली फक्त तुमची, त्यात फसलेलं सगळं येऊ द्या. विद्यार्थ्याचं किंवा रुग्णाचं नाव मात्र तिथेही नको. सादर करायच्या दुसऱ्या वहीत त्यातलं काय उतरवायचं, ते आठवड्याच्या शेवटी निवांत ठरवता येतं.