डीटीएचचा इंग्लिश मूव्ही आणि इन्फोटेनमेंट पॅक: पिक्चर झकास, पण कात्री कुठे चालेल याचा नेम नाही (५ पैकी २ स्टार)

बरेच महिने हा पॅक वापरतेय. एचडी क्वालिटी मस्त आहे, रेकॉर्डिंग नीट होतं, पावसात सिग्नल जातो पण ते सगळीकडेच होतं. दोन स्टार त्याचे. बाकीचे तीन कापलेत ते आतलं सामान जसं कापून देतात त्याबद्दल.

ब्रेस्ट कॅन्सरवरची एक डॉक्युमेंटरी लागली होती. ऑपरेशन झालेली बाई आरशासमोर उभी राहून स्वतःचा व्रण दाखवतेय आणि नेमकं तिथंच ब्लर, वर सबटायटलमध्ये ब्रेस्ट शब्दाच्या जागी नुसत्या चांदण्या. दहावीतली लेक शेजारी बसलेली, म्हणाली आई हे लपवतात कशाला, हे तर आपल्याला कळायला हवं ना. आमच्या नात्यातल्या एका मावशींनी लाजेपायी गाठीबद्दल घरात कोणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे मला हे फारच लागलं. पुढचं चॅनल लावलं तर ॲमेझॉनच्या जंगलातल्या आदिवासींवर कार्यक्रम, बायका उघड्या छातीने वावरतायत आणि ब्लरचा पत्ता नाही. तिथे ब्लर नाही हे बरोबरच आहे, ते त्यांचं रोजचं जगणं आहे. पण मग पेशंटचा व्रण अश्लील कसा ठरतो? आदिवासी बाई उघडी दिसली तर चालते आणि शहरातली झाकायची, असा हिशोब असेल तर तो दोघींचाही अपमान आहे.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले, मॅडम ते चॅनलवाल्यांकडूनच तसं येतं, आमच्या हातात काही नाही. ते खरंही आहे. १९९४ च्या केबल नियमांमध्ये प्रोग्राम कोड आहे, त्यात अश्लील काही दाखवायचं नाही असं लिहिलंय, पण अश्लील म्हणजे नक्की काय ते ठरवायचं ज्याचं त्याने. म्हणून चॅनलवाले घाबरून सरसकट कापतात, आणि भीती उगाच नाहीये, २००७ मध्ये एएक्सएन हे इंग्लिश मालिकांचं आणि एफटीव्ही हे फॅशनचं, अशी दोन्ही चॅनल सरकारने काही काळ बंद ठेवायला लावली होती, एफटीव्हीवर २०१० मध्ये परत बंदी आली. उलट सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकरच्या नग्न फोटोच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नाही, चित्र कशासाठी आहे ते बघा. हे टीव्हीपर्यंत पोचलेलंच दिसत नाही.

आता पिक्चरचं बघा. ए सर्टिफिकेटवाला सिनेमा टीव्हीवर जसाच्या तसा लावता येत नाही, कापून यू/ए करून आणावा लागतो, मग तो दुपारी लावा नाहीतर रात्री एक वाजता लावा. चॅनलवाल्यांच्या स्वतःच्या संघटनेने रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ मोठ्यांच्या कार्यक्रमांसाठी ठेवलीये, पण सिनेमाला तिचा काही उपयोग नाही. आणि माझ्याच सेट टॉप बॉक्समध्ये, त्याच रिमोटवर, ओटीटीचं बटण दाबलं की तोच सिनेमा अख्खा दिसतो! २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथे मुख्य बंधन म्हणजे वयाचं रेटिंग टाकायचं आणि पालकांना लॉक द्यायचं. एकच घर, एकच सोफा, बघणारी माणसं तीच, फक्त सिग्नल डिशमधून आला की आम्ही अडाणी आणि वायफायमधून आला की समजदार?

बॉक्समध्ये पेरेंटल लॉक छान दिलाय, चार आकडी पिन, चॅनलप्रमाणे लावता येतो, रेटिंगप्रमाणे पण लागतो. मी लावलाय आणि मला तो हवाच आहे, सहा वर्षांच्या भाच्यासमोर काहीही चालू नये हे मलाही वाटतं. पण आधीच सगळं कापून आलेलं असेल तर त्या लॉकने मी थांबवणार तरी काय, आणि दिवसाढवळ्या परफ्युमच्या जाहिरातीत जे चालतं ते तर तो लॉक थांबवतच नाही. काँडमच्या जाहिराती मात्र सकाळी ६ ते रात्री १० लावायच्या नाहीत असं २०१७ मध्ये सरकारनेच सांगितलं होतं, म्हणजे जी माहिती कामाची तीच रात्रीवर ढकलली होती; नंतर खुलासा आला की बंधन फक्त भडक जाहिरातींना आहे.

पॅक घ्यायचा तर जंगल, प्राणी, इतिहास यासाठी घ्या, ते खरंच चांगलं आहे. सिनेमासाठी पैसे घालू नका, सीन मध्येच तुटतो आणि कोण कोणावर का चिडलंय तेच कळत नाही. मी पुढच्या रिचार्जला मूव्ही चॅनल काढून टाकतेय, आणि त्या डॉक्युमेंटरीबद्दल चॅनलच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केलाय, तारीख आणि वेळ टाकून. तुमच्याकडे असं काही दिसलं तर तुम्ही पण करा, स्क्रीनच्या खाली पट्टीवर पत्ता येतो.