इबो बेटावर फिरायचंय? गाईड तिथली भाषा किम्वानी बोलणाराच घ्या (5 पैकी 4 स्टार)

उत्तर मोझांबिकला काबो देलगादो प्रांतामधे किरिंबास बेटं आहेत त्यातलं हे इबो. आम्ही प्रांताची राजधानी पेम्बाहून गाडीने तांदान्यांगेच्या धक्क्यापर्यंत गेलो, पुढे होडी, आणि तीही भरती असेल तरच, नाहीतर बसा खारफुटीत डास मारत.

पहिला गाईड लॉजवाल्यांनी दिला. पोर्तुगीज, इंग्लिश दोन्ही फाडफाड, किल्ला 1791 चा एवढं सांगितलं, फोटो काढून दिले, संपलं! वाटेत कुणाशी चार शब्द बोलला नाही आणि पैसे मात्र दणकून घेतले. दुसऱ्या दिवशी गावातलाच एक पोरगा घेतला, त्याला इंग्लिश जेमतेम पण घरची भाषा किम्वानी, आणि काय सांगू, तेच बेट वेगळं दिसायला लागलं. किल्ल्यात चांदीचे कारागीर बसतात, आदल्या दिवशी ते मान वर करत नव्हते, आज याने सलाम दुआ केली तसं म्हाताऱ्या काकांनी हातातलं काम थांबवून बारीक तार कशी ओढतात ते दाखवलं, जुनी नाणी वितळवायचे तेही सांगितलं. एका अंगणात बायका दगडावर मुसिरोचं लाकूड उगाळत होत्या, चेहऱ्याला पांढरा लेप लावतात तो, तिथेही हसत हसत बसवून घेतलं, वर बेटावरचीच कॉफी पाजली.

मला टांझानियात दार एस सलामच्या नोकरीमुळे स्वाहिली येते, वाटलं चालून जाईल. अर्धं कळतं, अर्धं डोक्यावरून जातं. किम्वानी ही स्वाहिलीची बोली की स्वतंत्र भाषा यावर अभ्यासकांचंही जुनं भांडण आहे, आपल्याकडे मराठी-कोकणीचं आहे ना, तसंच (कमेंटमधे सुरू करू नका प्लीज). आणि गंमत म्हणजे 1752 पर्यंत मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार गोव्यातूनच चालायचा.

किम्वानी बोलणारे लाखाच्या आसपास, सगळे किनाऱ्यावर आणि बेटांवर. सरकारी भाषा एकच, पोर्तुगीज, त्यामुळे पाट्या, फॉर्म, कचेरी सगळं त्यात. पूर्वी इकडे पत्रव्यवहार अरबी लिपीत चालायचा, आता लिहायचं झालं तर रोमन. 2003 पासून देशात प्राथमिक शाळेत स्थानिक भाषा आणायला सुरुवात झाली खरी, पण आमचा गाईड शिकला तो पोर्तुगीजमधेच. पेम्बा रेडिओवर मात्र किम्वानी लागते. 2017 पासूनच्या अतिरेक्यांच्या हल्ल्यांमुळे उत्तरेच्या मोसिंबोआ दा प्राया गावाकडची किती तरी किम्वानी घरं उठून पेम्बाला आली, तिथे बाजारात माकुआ भाषा जास्त चालते, मग पोरं तीच उचलतात. गाईडची मावशी त्यातलीच, हे सांगताना तो जरा गप्प झाला.

एक स्टार कापला कारण रेट आधी ठरत नाही, शेवटी घासाघीस होतेच. निघायच्या आधी सुरक्षेची ताजी चौकशी करा, भरतीची वेळ बघा, आणि सुट्टे मेतिकल (तिथलं चलन) न्या, कार्ड विसरा.