मिंटन मॅजोलिका की डोल्टन लॅम्बेथ? पहिली व्हिक्टोरियन फुलदाणी निवडताना

जुन्या इंग्लिश फुलदाण्या बघायला लागलं की नजर आधी मिंटनच्या मॅजोलिकावर जाते. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या या कारखान्याने लेऑं आर्नू या फ्रेंच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बनवलेली ही भांडी १८५१च्या लंडन प्रदर्शनात मांडली. पिरोजी, गर्द निळे, हिरवे रंग आणि वर शिशाच्या ग्लेझची, म्हणजे काचेसारख्या लेपाची, ओलसर चमक. शेजारी लंडनच्या डोल्टन कारखान्याची फुलदाणी ठेवली तर ती तपकिरी आणि मातकट वाटते. तरीही एकच घ्यायची असेल तर मी डोल्टन घ्या म्हणेन, त्यातही तिथली कलाकार हॅना बार्लो हिच्या हातची.

मॅजोलिकाचा नग साच्यातून निघतो, त्यामुळे त्याच आकाराचा दुसरा कुठे तरी असतोच. बार्लो १८७१पासून लंडनच्या लॅम्बेथमध्ये डोल्टनसाठी थेट ओल्या मातीत घोडे, हरणं, शेळ्या कोरायची. त्या रेषेवरून बोट फिरवा, हात कुठे दाबला आणि कुठे सैल सोडला ते कळतं. बुडाशी गुंफलेली बी-एच-बी ही अक्षरं म्हणजे तिची सही. असं चित्र दुसऱ्या फुलदाणीवर जसंच्या तसं मिळणार नाही.

टिकायलाही डोल्टनच सरस. तापलेल्या भट्टीत मीठ टाकलं की त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी मिळून काचेसारखा थर धरते. खालची माती दगडासारखी भाजलेली, पाणी न शोषणारी. मॅजोलिकाची माती सच्छिद्र असते. टवका उडाला किंवा ग्लेझला बारीक चिरा पडल्या की ओल आत शिरते आणि डाग धरतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत याचा विचार कराच. ताजी फुलं ठेवायची तर आत वेगळं भांडं हवं.

दिवाणखान्याचा अंधारा कोपरा उजळायचा असेल, तर मात्र मॅजोलिकाला तोड नाही. ती जरूर घ्या, पण काठ आणि उठावाची पानं-फुलं अतिनील टॉर्चखाली बघून. मागाहून रंगवलेली डागडुजी बहुधा वेगळी चमकते. बुडावर दाबून उठवलेलं ‘मिंटन’ हे नाव १८७३पासून ‘मिंटन्स’ झालं, त्यावरून काळाचा अंदाज येतो.

डोल्टन घेताना ‘रॉयल डोल्टन’ असा शिक्का दिसला, तर ती फुलदाणी व्हिक्टोरियन नाही. ‘रॉयल’ हा मान १९०१मध्ये सातव्या एडवर्डने दिला, तोवर राणी व्हिक्टोरिया वारली होती. विक्रेता काहीही म्हणो, भाव त्या हिशेबाने पाडून मागा.