अराकूच्या नावाखाली ३६,९४० रुपये गेले

लिहू नका, लोक हसतील, असं घरातून बजावलंय. हसा. पण सुट्टीत कुणी विशाखापट्टणम आणि अराकूचं (आंध्रातलं डोंगरातलं ठिकाण) पॅकेज घेत असेल तर आधी हे वाचा.

टोकन ५,०००. कोणार्क एक्सप्रेसची थर्ड एसीची जाता-येताची आणि पुढं काचेच्या छताच्या व्हिस्टाडोम डब्याची चौघांची तिकिटं, १६,४००. जंगलातल्या कॉटेजच्या दोन खोल्या, दोन रात्री, १२,०००. वर 'फॉरेस्ट परमिट' माणशी ८८५, म्हणजे ३,५४०. सगळं यूपीआयनं, पॅकेज विकणाऱ्याच्या पर्सनल खात्यावर.

पीएनआर तपासला नाही का, असं प्रत्येक जण विचारतो. तपासला होता हो! कन्फर्म होता. तिकीट खरंच काढलेलं होतं, पण त्याच्या आयडीवरून. पैसे पोचल्यावर त्यानं ते रद्द केलं. रिफंड त्याच्या खात्यात, मेसेज त्याच्या मोबाइलवर, आणि आम्ही इकडं बॅगा भरतोय. निघायच्या दिवशी दुपारी पोरीनं सहज परत पीएनआर टाकला तेव्हा कळलं. तिकिटाचा रेल्वेकडून येणारा मेसेज तुमच्या मोबाइलवर आला नसेल तर ते तिकीट तुमचं समजू नका. आणि पीएनआर एकदा बघून गप्प बसू नका.

खरं तर त्यानं पाठवलेल्या कार्यक्रमातच सगळं दिसत होतं. सकाळी विशाखापट्टणमहून किरंदुलच्या गाडीत बसायचं, बोर्रा गुहलूला उतरायचं, गुहा बघायच्या, दोन रात्री जंगलात राहायचं, आणि मग 'त्याच तिकिटावर, त्याच सीटवर' पुढं अराकू. ब्रेक जर्नी म्हणे! ही सवलत ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटाला असते, तीही पहिले ५०० कापून झाल्यावर. विशाखापट्टणम ते अराकू सगळं मिळून दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. शिवाय रिझर्व्हेशनची सीट दोन दिवस रिकामी ठेवून रेल्वे तुमची वाट बघणार होय? मेव्हण्यांनी ती ओळ वाचून "हे कसं काय जमतं ओ?" असं विचारलंही होतं. मी म्हटलं, टुरिस्ट डबा आहे, वेगळे नियम असतील. त्या लाईनवर ५८ बोगदे आहेत, २०१७ पासून काचेचा डबा धावतो, हे सगळं खरंच आहे. खऱ्यात खोटं कालवलं की कुणाला वास येतो? त्यातून तो फोनवर अस्खलित तेलुगू बोलायचा. आमच्या गल्लीत निम्मी घरं पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. शेजारच्या वहिनी त्याच्याशी बोलून म्हणाल्या, माणूस तिकडचाच आहे. झालं.

८८५ चं तर बोलूच नका. ७५० अधिक १८ टक्के जीएसटी. चादरीच्या दुकानात मी दिवसभर हेच हिशेब करतो, म्हणून आकडा बघून उलट विश्वास बसला! सरकारी परवान्याचे पैसे खासगी खात्यात कशाला, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. कॉटेजलाही थेट फोन लावला असता तर भागलं असतं. फोटोखाली नंबरच नव्हता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच संध्याकाळी फोन लावला, तक्रार क्रमांक मिळाला. तुम्हीही तासाभरात लावा, नंतर पैसे पुढच्या खात्यांत पळतात. पण पुढची कथा ऐका. पोलीस ठाण्यात म्हणे, ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग सायबरकडं जा. सायबरवाले म्हणे, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात, तर खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही. स्टेटमेंटच्या झेरॉक्स तीनदा मागितल्या, तिन्ही वेळा वेगळ्या टेबलावर. एका साहेबांनी तर विचारलं, "शिकलेले दिसता, मग कसं काय?" चोर सोडून माझीच चौकशी! बँकेत गेलो तर पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, आमचा संबंध नाही. मग संबंध कुणाचा?

स्वतःच्या पर्सनल आयडीवरून तिकिटं काढून दुसऱ्यांना विकायचा धंदा करणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच शोधून अर्जात लिहिलं. अर्ज घेतला, पोच मात्र मागून मागून घ्यावी लागली. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

त्याचा नंबर अजून चालू आहे. डीपीवर आता काश्मीर.