एजंट आपला, तपासणी आपली: नव्या फ्लॅटमधले आठ महिने

पिंपरी-चिंचवडच्या रावेतमधल्या नव्या टू बीएचकेत आम्हाला राहायला येऊन आठ महिने झाले. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहायला बसले. किल्ली हातात पडल्या पडल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं गेलं असतं.

घर घेताना आम्ही दोन गोष्टींसाठी वेगळे पैसे मोजले. एक म्हणजे फक्त आमच्याकडून फी घेणारा एजंट, आणि दुसरी ताबा घेण्याआधी करून घेतलेली फ्लॅटची तपासणी. घरात दोन्हींना विरोध होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नव्या कोऱ्या घरात काय तपासायचं?" आणि नवऱ्याचं म्हणणं, "एजंटला बिल्डर देतो ना, मग आपण कशाला द्यायचे?"

नवऱ्याचं अगदीच चूक नव्हतं. नव्या प्रोजेक्टवर चॅनल पार्टनर म्हणून जे एजंट भेटतात त्यांचं कमिशन बिल्डरकडूनच येतं. "मॅडम, तुमचा एक रुपयाही जात नाही," हे ते खरंच सांगतात. पण अशा चौघांबरोबर मी सहा साइट पालथ्या घातल्या आणि "हा फ्लॅट घेऊ नका" असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. आमच्या एजंटने पहिल्याच बैठकीत आमच्या यादीतल्या दोन प्रोजेक्टवर काट मारली. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर नोंदणी क्रमांक टाकून एकाची पुढे ढकललेली मुदत दाखवली, दुसऱ्याच्या जमिनीवरचा चालू दावा दाखवला. फी व्यवहाराच्या अर्धा टक्का, आणि बिल्डरकडून काहीही घेणार नाही हे लेखी. त्या कागदावर त्याचा स्वतःचा महारेरा नोंदणी क्रमांक होता, तो मी तिथल्या तिथे तपासला.

आमचा फ्लॅट 78 लाखांचा, म्हणजे फी झाली 39 हजार. तेवढे त्याने एका वाक्यात फेडले. "करारनामा एकट्या ताईंच्या नावावर करा," एवढंच तो म्हणाला. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की ती जाते. आमच्याकडे सातऐवजी सहा टक्के लागले आणि 78 हजार वाचले. कर्जात नवरा सहकर्जदार राहिला, बँकेने हरकत घेतली नाही. हे सेल्स ऑफिसमधल्या कोणालाच सुचलं नव्हतं.

तिथे करार नोंदवण्याआधीच 20 टक्के भरा म्हणत होते. घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार होईपर्यंत 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. एजंटने शांतपणे तेवढं कलम वाचून दाखवलं, पुढे कोणी तो विषय काढला नाही.

आता तपासणीचं. फेब्रुवारीत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेची परवानगी, आलं आणि लगेच फोन सुरू झाले, या आणि ताबा घ्या. आम्ही आधी तपासणीवाल्यांना बोलावलं. एक तरुण सिव्हिल इंजिनिअर मुलगी आणि तिचा मदतनीस, सकाळी दहाला आले ते दुपारी दोनला गेले. फी साडेसात हजार. तिच्या हातात टोकाला धातूची गोळी असलेली काठी होती. ती प्रत्येक फरशीवर आपटत चालली होती, टक, टक, टक, आणि हॉलच्या कोपऱ्यात एकदम ढब. "ऐकलंत? खाली मसाला नाही, पोकळ आहे. जड कपाट ठेवलं की तडकणार." सासूबाई स्वतः खाली बसल्या आणि बोटाने वाजवून पाहू लागल्या. निळी चिकटपट्टी लावत गेलो तर पोकळ फरशा निघाल्या सतरा.

मग तिने बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं. ते जाळीकडे जायच्या ऐवजी हळूहळू दाराच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. आम्ही सगळे त्या पाण्याकडे बघत उभे होतो, कोणी काही बोलेना. स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, फ्रिज लावायचा होता नेमका तिथेच. चटई क्षेत्र मात्र लेझरने मोजून करारातल्या आकड्याशी जुळलं.

साइट इंजिनिअर म्हणाले, "हे थोडंफार सगळीकडेच असतं. ताबा घ्या, मग करून देतो. उशीर केलात तर मेंटेनन्स चालू होईल." भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घ्यायला कायद्याने दोन महिने असतात, हे एजंटने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. फोटोंसकट अहवाल ईमेल केला. एकोणीस दिवसांत बाथरूमचा उतार नव्याने झाला, फरशा बदलल्या, सॉकेट दुरुस्त झालं. तपासणीवाले फेरतपासणीला आले त्याचे दोन हजार वेगळे. त्यानंतरच ताबापत्रावर सही केली.

आता जे निसटलं ते. जुलैत बेडरूमच्या पश्चिमेकडच्या खिडकीखाली रंग फुगला आणि चार दिवसांत पोपडे निघाले. फेब्रुवारीत तिथेच ओलावा मोजायचं यंत्र लावलं होतं, तेव्हा भिंत कोरडी ठणठणीत होती. कोरडी असणारच. खिडक्यांवर बाहेरून पाइपने पाणी मारून पाहायला हवं होतं, ते केलंच नाही. अहवालात एका ओळीत 'पावसातील गळती तपासलेली नाही' असं लिहिलेलं होतं. पण साडेसात हजार घेणाऱ्याने हे तोंडी सांगायला पाहिजे होतं, आणि या एका गोष्टीसाठी माझी त्यांच्यावर नाराजी आहे.

निस्तरता आलं ते कायद्यामुळे. रेराच्याच कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले आणि कारागिरीतले दोष बिल्डरने कळवल्यापासून 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात. तारीख घालून ईमेल केला. पंचविसाव्या दिवशी माणसं झुल्यावरून उतरली आणि चौकटीभोवतीच्या फटी भरून गेली. सप्टेंबरमध्ये दोन दिवस मुसळधार कोसळला, भिंत कोरडी राहिली.

आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांनी तपासणी न करता ताबा घेतला आणि लगेच फर्निचरचं काम काढलं. त्यांच्याही बाथरूमचं पाणी दाराकडे येतं. बिल्डर म्हणतो, तुमच्या सुताराने आणि प्लंबरने तोडफोड केली, आमचं काम बरोबर होतं. काकांकडे ताब्याच्या दिवसाचा एकही फोटो नाही. तपासणी करायचीच असेल तर घरात एक खिळाही ठोकण्याआधी करा.

पाच वर्षं संपण्याआधी मी आणखी एकदा तपासणी करून घेणार आहे. त्याच मुलीला सांगून ठेवलंय, पण या वेळी खिडक्यांवर पाइपने पाणी मारायचं, हे कामाच्या यादीत पहिलं लिहून.