भूकंपानंतर घरं कुणी बांधायची? किल्लारीची रीत आणि भुजची रीत

वॉर्डाचा आपत्ती आराखडा लिहायला बसलेल्यांनी हे आधीच ठरवून टाकावं. गोवा भूकंप झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतो आणि कोयनेचा १९६७ चा धक्का इथंही जाणवला होता, तेव्हा प्रश्न हवेतला नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूरकडच्या किल्लारी परिसरातली ५२ गावं नव्या जागी हलवली. घरं सरकारनं आणि देणगीदारांनी बांधून दिली, तीही जमीनधारणेच्या मापानं: भूमिहीनाला २५० चौरस फूट, पुढे ४५० आणि ७५०. घरमालकाला बांधकामाचा ताप नाही, हा फायदा खराच. पण गल्ल्या कागदावर आखलेल्या, शेत लांब पडलेलं आणि गोठ्याचा विचार कुणी केलेला नाही. पुढे पक्क्या घराला लागून पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. गंमत म्हणजे त्याच भूकंपात कमी पडझड झालेल्या गावांत लोकांनी जागच्या जागी दुरुस्ती केली आणि बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घराघरांत माहिती पोचवत होत्या. ते काम जास्त टिकाऊ ठरलं, असं माझं मत.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत कच्छमध्ये मदत हप्त्यांनी मालकाच्या खात्यात गेली. जोतं झालं, अभियंत्यानं पाहिलं, मगच पुढचा हप्ता. भूज शहरात मात्र एवढ्यानं भागलं नाही. जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद की रस्ता रुंद करायला जमीन हवीच होती. तिथं नगररचना योजना लोकांसमोर मांडून मोठ्या भूखंडांतून जास्त टक्के जमीन घेतली, लहानांना सांभाळलं. वेळ लागला, कुरबुरीही झाल्या. भाडेकरू मात्र मागेच राहिले, कारण पैसा मालकीच्या कागदामागे धावतो.

गोव्यात आपलं घोडं नेमकं इथंच अडेल. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत, वडिलोपार्जित घराचे वारस पोर्तुगालपासून मुंबईपर्यंत पांगलेले, एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव. हप्ता कुणाच्या खात्यात टाकणार?

तरी मी भुजच्याच बाजूनं. चिऱ्याच्या भिंतीचं आणि कौलांचं घर ज्याचं त्यानं, गावच्या गवंड्याकडून बांधावं. फक्त लिंटेलच्या उंचीला, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्याशी, सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा हवाच. पण आराखड्यात राहणाऱ्यांची यादी मालकांच्या यादीपासून वेगळी ठेवा आणि मदत राहणाऱ्याला मिळेल असं आधीच लिहून घ्या. मुंडकारांची नोंदणी राहिली असेल तर अर्ज मामलेदाराकडे आत्ताच जाऊ दे. वारसांची सहमती गोळा करायला गणेश चतुर्थी बरी, सगळे घरीच असतात.